सूचना: रात्रीचे बूट बंद करू नका

नमस्कार, क्लबफूट (जन्मतः आत वळलेलं पाऊल) असलेल्या बाळांच्या आई-बाबांनो,

या आठवड्यात दोन घरांतून एकच गोष्ट कानावर आली: पाऊल सरळ दिसतंय, बाळ रडतंय, म्हणून बूट काढून ठेवले. कृपया असं करू नका. पॉन्सेटी या उपचार पद्धतीत प्लास्टरने पाऊल सरळ होतं, पण सरळ टिकतं ते दांडीच्या बुटांमुळेच (एका दांडीने जोडलेले दोन बूट). पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, मग 4-5 वर्षांपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. बूट सुटले की पाऊल पुन्हा आत वळू लागतं.

माझ्या लेकीची टाच सारखी वर सरकायची. गुडघा दुमडून, टाच खाली टेकवून आधी मधला पट्टा आवळला की बसायची. सुती मोज्याला सुरकुती नको.

प्लास्टर चालू असलेल्यांनी बोटं बघत राहा. दाबल्यावर पांढरं झालेलं बोट लगेच गुलाबी व्हायला हवं. निळं पडलं किंवा बोटं आत सरकली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आणि ग्रहणात आईने काही चिरलं म्हणून असं झालं, असं कुणी म्हटलं तर मुळीच ऐकून घेऊ नका.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा.