चाक आत घ्याल तर येतो

दापोली
पौष, रात्रीचे साडेदहा

प्रिय मित्रा,

“कोकणात कसली रे थंडी?” असं तू फोनवर सहज विचारलंस. तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

इथे सगळे खुशीत आहेत. आंब्याला मोहोर फुटलाय, आणि ही थंडी आणखी पंधरा दिवस टिकू दे असं गाऱ्हाणं घरोघरी चाललंय. मीही इतकी वर्षं तेच मागत आलो. पण रात्री मतलई वारा सुटतो, पहाटे दहिवर पडतं, आणि उघड्यावर निजलेल्याचं पांघरूण भिजून जातं. हवामान खातंसुद्धा किनाऱ्याला वेगळं माप लावतं. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर उतरावं लागतं, किनाऱ्यावर १५ अंशांनाही थंडीची लाट म्हणतात. नेहमीपेक्षा साडेचार अंशांची घसरण मात्र दोन्हीकडे हवी. आपल्याकडच्या गरिबाच्या गाठोड्यात गरम कपडा नसतोच रे.

बाजारात एक म्हातारा धारवाला येतो. सायकलला धारेचं चाक बसवलेलं. कोयती, विळ्या, सुऱ्यांना धार लावून देतो. रात्री एका बंद दुकानाच्या पायरीवर निजतो. गेल्या अमावास्येला मी उशिरा घरी येत होतो. तो काहीतरी पुटपुटत होता, जीभ जड झालेली. मला वाटलं, घेतलीय. मी पुढे निघून आलो.

घरी हिला सांगितलं. तू जाणतोस, हिची सगळी नोकरी नर्स म्हणून गेली. तिने एकच विचारलं, “कुडकुडत होता का?” मी म्हटलं, नाही, अगदी शांत पडला होता. तिने ताट सारलं आणि गोधडी उचलली.

कुडकुडणं थांबतं तेव्हाच खरा धोका असतो, हे मला ठाऊक नव्हतं. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की जीभ अडखळते, तोल जातो, आणि बघणाऱ्याला माणूस प्यालेला वाटतो. त्याच्या सदऱ्याची बटणं मी काढली तेव्हा त्याची बोटं माझ्या हाताला लागली. माशाच्या टोपलीतल्या बर्फासारखी. मी हातपाय चोळायला लागलो तर हिने मला थांबवलं. ओले कपडे काढायचे, कोरड्यात गुंडाळायचं, आधी छाती-पोटाला ऊब द्यायची. १०८ची गाडी येईपर्यंत आम्ही दोघं त्याला मध्ये घेऊन बसलो. वाचला तो. पण मी आधी ओलांडून गेलो होतो, हे मनातून जात नाही.

मग आळीतल्या मंडळाचा हॉल मागितला. दारावर पाटी लावली, दिवा लावला, चहा उकळला. पहिल्या रात्री एकही माणूस आला नाही. दुसऱ्या रात्रीपासून अकरा वाजता टॉर्च घेऊन आम्हीच निघालो. एक म्हातारी म्हणाली, “माझ्याकडे कागद नाहीत हो.” चिरेखाणीवरचं काम सुटलेलं एक जोडपं होतं, त्यांना वाटलं पोलिसांनी पाठवलंय. दवाखान्यातून सुटलेला आमचा धारवाला पुन्हा त्याच पायरीवर! म्हणाला, “चाक आत घ्याल तर येतो.” घेतलं. सायकल भिंतीला टेकवली आणि तो तिच्या चाकाला पाठ लावून झोपला.

सध्या नऊ जण येतात. खाली पेंढा, त्यावर गोणपाट, मग सतरंजी, कारण वर दोन चादरी घातल्या तरी खालची फरशी अंगातली ऊब ओढून घेते. कोळशाची शेगडी आत आणू देत नाही. बंद खोलीत तिचा वायू झोपेतच जीव घेतो. पहाटे गरम पेज.

एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो होतो. “थंडीने माणसं दिल्लीत मरतात,” असं उत्तर मिळालं. दिल्लीत मरतात हे खरंच आहे. २००९च्या डिसेंबरात तिथला पुसा रोडचा तात्पुरता निवारा ऐन थंडीत मोडला गेला, आणि २०१०च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. पुढे शहरांसाठी माप ठरलं, लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा, बाराही महिने उघडा. आपल्या गावाची वस्ती लाखाच्या जवळपासही नाही. म्हणून काय पायरीवरचा माणूस मोजायचाच नाही?

हॉल संक्रांतीपर्यंतच मिळालाय, पुढे लग्नं आहेत. तुझ्या मामांचं मागचं घर रिकामं आहे ना? पंखा नको, पलंग नको, आतून कडी आणि बाहेर एक नळ पुरे. त्यांच्याशी तूच बोल; माझ्यापेक्षा तुझं ऐकतील. आणि येताना जुन्या घोंगड्या मिळतील तेवढ्या आण.

हिने टॉर्च हातात दिलाय. स्टँडमागे आज एक नवा माणूस दिसला म्हणते. निघतो.

तुझाच,
दापोलीकर