हिशेब मुलीने मांडला होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला मूकपटांवरचा लेख वाचला. पण मूकपट म्हणजे नुसती धावाधाव आणि पडापडी, असा समज त्यातून होतो. मी विकास सोसायटीचा निवृत्त गटसचिव, सिनेमातला जाणकार नव्हे. तरी १९२० सालचा ‘विदिन अवर गेट्स’ हा अमेरिकी मूकपट मुलाने लॅपटॉपवर लावून दिला आणि त्यातला एक प्रसंग मी मागे नेऊन तीनदा पाहिला.

जॅस्पर लँड्री हा ग्रिडलस्टोन नावाच्या गोऱ्या जमीनदाराचं कूळ. आजवर जमीनदार सांगेल तीच बाकी. पण पाळलेली मुलगी सिल्व्हिया शिकली, बापाचा हिशेब तिने मांडला. तो कागद घेऊन जॅस्पर बाकी चुकती करायला जातो, तर जमीनदार भडकतो. कुळाकडे स्वतःची वही आली की कसा तिळपापड होतो, हे मी नोकरीत पाहिलंय. तेवढ्यात खिडकीतून दुसराच एक गोरा जमीनदाराला गोळी घालतो. आळ जॅस्परवर; जमाव नवरा-बायको दोघांना फासावर चढवतो. वर्तमानपत्रात मात्र जॅस्परने दारूच्या नशेत खून केल्याचं छापून येतं, आणि दिग्दर्शक ऑस्कर मिशो ती खोटी हकिकतही पडद्यावर दाखवतो. (संपादक महाशय, राग नसावा.)

कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना कथापट. मिशोचा पहिला चित्रपट तर गेलाच. हाही गेला असंच धरलं होतं; १९७०च्या दशकात स्पेनच्या चित्रपट संग्रहालयात ‘ला नेग्रा’ नावाने प्रत निघाली. पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्या जवळजवळ सगळ्या स्पॅनिश. त्या परत इंग्रजीत आणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये तो उभा केला. मधला एक तुकडा नाहीच. तिथे नुसती पाटी येते.

आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. त्यातही कर्ज, गेलेली जमीन आणि शहराची वाट. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पुढे १९३६ मध्ये त्याचा बोलपट झाला, पण मूळ मूकपटाची प्रत आज नाही. पुरवणीत त्याला निदान अर्धा रकाना द्यावा. आजोबांनी तो पाहिला होता. झोपडीबाहेर कुत्रं रडतं, ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मूकपटात कुत्रं रडलेलं ऐकू कसं आलं, म्हणून आम्ही पोरं हसायचो.

– एक निवृत्त गटसचिव, कोल्हापूर