डावी बाजू हरवलेला रुग्ण

चि. सई, अनेक आशीर्वाद.

न्यूरो वॉर्डमधली तुझी पोस्टिंग सुरू होते आहे. तिथे तुला बहुधा ‘निग्लेक्ट’चा, म्हणजे डाव्या बाजूकडे लक्षच न जाणारा, रुग्ण भेटेल. प्रथमदर्शनी तो हट्टी किंवा आळशी वाटतो. तो तसा नसतो, म्हणून आधीच लिहिते आहे.

मेंदूच्या उजव्या बाजूला, विशेषतः पॅरायटल लोबच्या (मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाच्या) आसपास, झटका (स्ट्रोक) आला की हे दिसतं. ताटातलं उजव्या बाजूचंच खाल्लं जातं, दाढी एकाच गालाची होते. डोळ्यांत दोष नसला तरीही. अर्धं दृष्टिक्षेत्र गेलेला माणूस मान वळवून पाहतो, कारण काहीतरी दिसत नाहीये हे त्याला उमगतं. निग्लेक्टमध्ये डावीकडे काही असेल हे मनातच येत नाही. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात, तेव्हा घाईने निदान करू नकोस.

तपासताना कोऱ्या कागदावर 20 सेंमीची आडवी रेघ काढ, कागद रुग्णाच्या छातीसमोर मधोमध ठेव आणि रेघेच्या मध्यावर खूण करायला सांग. खूण उजवीकडे सरकते. कागद मात्र त्याला हलवू देऊ नकोस, तो उजवीकडे ओढला गेला की चाचणी वाया जाते. मग पानभर विखुरलेल्या छोट्या रेघा खोडायला दे. रेघ नीट दुभागणारा इथे कधी कधी सापडतो, त्यामुळे एका चाचणीवर विसंबू नये.

आता मला सर्वांत मोलाचं वाटतं ते. 1978 मध्ये मिलानच्या बिसियाक आणि लुत्सात्ती या संशोधकांनी दोन रुग्णांना शहरातल्या कॅथेड्रलसमोरचा (मोठ्या चर्चसमोरचा) चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना केल्यावर रुग्णांनी मुख्यतः उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग कॅथेड्रलकडे पाठ करून उभं राहायचं, तेही मनातच. आता मघाशी गाळलेल्या इमारती आल्या आणि सांगितलेल्या गळल्या. म्हणजे आठवण शाबूत होती! समोर काहीच नसताना, नुसत्या कल्पनेतल्या चित्राचीही डावी बाजू निसटत होती.

1988 मध्ये मार्शल आणि हॅलिगन या संशोधकांनी एका रुग्ण बाईंना घराची दोन चित्रं दाखवली. एका घराला डावीकडून आग लागलेली. बाई म्हणाल्या, दोन्ही सारखीच. पण राहायला कुठलं घ्याल असं विचारल्यावर बहुतेक वेळा न जळणारं निवडलं. दिसलेलं आत कुठेतरी पोचत होतं, जाणिवेत येत नव्हतं. पुढे इतर रुग्णांत निकाल इतका स्वच्छ आला नाही, म्हणून या एका प्रयोगावर मोठा इमला रचू नकोस.

डावीच बाजू का? एक मान्यताप्राप्त स्पष्टीकरण असं, की मेंदूचा उजवा भाग दोन्ही बाजूंवर लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीकडे. त्यामुळे डावा भाग बिघडला तर सांभाळून घेणारा असतो, उजवा बिघडला तर नसतो.

रुग्णाला ‘डावीकडे बघा’ एवढंच सांगून भागत नाही, कारण हरवली आहे ती डावी बाजूच. पानाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी काढ. प्रत्येक ओळीआधी बोटाने ती पट्टी शोधायला लाव. पट्टी सापडेपर्यंत वाचायला सुरुवात करायची नाही.

तुझी,
आई