फ्लोटला डाग देणाऱ्या काकांचे आभार

कराडच्या रेडिएटर दुरुस्तीच्या गाळ्यातले काका आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा, तुमचे मनापासून आभार.

बाबांचा ट्रक जुना टाटा-मर्सिडीज. १९५४ च्या करारानंतर इथं बनू लागलेल्या, नाकावर तारा मिरवणाऱ्या गाड्यांपैकी एक. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी डिझेलचा काटा रिकाम्यावरच. जो तो म्हणे, टाकीतली डिझेलची पातळी मोजणारं युनिटच बदला. तुम्ही मात्र टाकीतलं युनिट बाहेर काढलंत, त्यातला पितळी फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगून काटा हलवणारा पोकळ डबा, कानाशी धरून हलवलात. आत डिझेल खुळखुळलं, म्हणजे तो तरंगतच नव्हता! मग तो गरम पाण्यात बुडवलात आणि जोडापाशी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. भोक तिथंच, टाचणीच्या टोकाएवढं.

आतलं डिझेल पूर्ण काढून, फ्लोट धुऊन, वाळवूनच तुम्ही डाग द्यायला, म्हणजे सोल्डरनं भोक बुजवायला घेतलात. डिझेलच्या वाफेशी खेळ नको, हे त्या पोरालाही समजावलंत. डागही बेताचाच दिलात, कारण वजन वाढलं की फ्लोट खोल बसतो आणि काटा कमी दाखवतो. इतकं बारकाईचं काम, आणि पैसे विचारले तर म्हणालात, चहा पाजा.

आता काटा बरोबर चालतोय. दिवाळीत ट्रक घेऊनच येतो. बाबांना तुम्हा दोघांना भेटायचंय.