चिमाल्तेनांगोहून पत्र, थोडं तुझ्या आईसाठीही

चिमाल्तेनांगो, ग्वाटेमाला
४ फेब्रुवारी

प्रिय सखे,
सप्रेम नमस्कार.

आज पहाटे तीनला जाग आली ती घरमालकीणबाईंच्या पावलांनी. अंगणात मेणबत्ती लावून त्या उभ्या होत्या. मी शाल गुंडाळून बाहेर गेले तेव्हा त्यांनी नुसतं जमिनीकडे बोट दाखवलं. १९७६ साली याच तारखेला, याच वेळेला इथं धरणीकंप झाला. साधारण २३ हजार माणसं गेली. चिमाल्तेनांगोच्या आसपासची गावंच्या गावं सपाट झाली. घरं कच्च्या विटांची, वर जड कौलं, आणि सगळे झोपेत. बाईंची आई आणि धाकटा भाऊ त्यात गेले. मला किल्लारी आठवली गं. विसर्जन आटोपून दमून झोपलेली माणसं आणि त्यांच्या अंगावर आलेल्या दगडमातीच्या भिंती. त्यांना सांगावंसं वाटलं, पण माझं स्पॅनिश अजून भाजी घेण्यापुरतंच आहे. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

त्यानंतर झोप आली नाही, म्हणून तुला लिहायला बसले. निघताना नगरच्या स्टँडवर तू मला जे विचारलं होतंस ते डोक्यातून गेलेलं नाही. "चर्चचं आरोग्याचं काम म्हणतेस, पण एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पुस्तक असलं, तर आजारी माणसाने कशाला हात लावायचा?" तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, हा प्रश्न तू विचारलास हे बरं झालं, कारण इथं आल्यापासून मी त्याच प्रश्नाभोवती फिरते आहे.

आधी बेहरहोर्स्ट डॉक्टरांबद्दल सांगते, कारण हे गाव आरोग्याच्या जगात त्यांच्यामुळे माहीत झालं. कॅरोल बेहरहोर्स्ट, अमेरिकेतल्या कॅन्ससचे. तिथली चालती प्रॅक्टिस सोडून लुथरन मिशनचे डॉक्टर म्हणून ग्वाटेमालात आले. पुढे १९६२ साली त्यांनी इथं चिमाल्तेनांगोत दवाखाना उघडला. आजूबाजूला सगळी काक्चिकेल माया, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, वस्ती. डोंगरउतारावर मक्याची इवलीशी शेतं, आणि चांगली सपाट जमीन मोठ्या मळेवाल्यांकडे. पोरांना जुलाब, जंत, गोवर, क्षय. औषध देऊन पाठवलं की महिन्याभरात तेच पोर आणखी सुकून परत यायचं. हे चित्र तुला नवीन नाही.

मग त्यांनी कामांचा जो क्रम लावला, त्यात सर्वांत वर सामाजिक आणि आर्थिक अन्याय, त्याखाली जमीन, मग शेतीचं उत्पन्न आणि बाजार, कुपोषण त्याच्याही खाली, आणि औषधोपचार अगदी शेवटी. डॉक्टरने आपल्या स्वतःच्या कामाला शेवटचा नंबर दिला! जमीन विकत घेण्यासाठी कर्ज, कोंबड्या, पाणी, हे सगळं त्या दवाखान्याचंच काम झालं.

दवाखान्यातली एक पद्धत मला फार भावली. रुग्णासोबत त्याचं घर येई. बायको, आई, लेकरं तिथंच राहत, तिथंच चूल पेटवून त्याला सवयीचं अन्न करून घालत. मी ज्या शहरी इस्पितळात नऊ वर्षं काढली तिथं घंटा झाली की आम्ही नातेवाइकांना बाहेर काढायचो. खेड्यातल्या एका आजीबाईंना आपली भाषा बोलणारं जवळ कुणी नव्हतं. तीन दिवस त्या जेवल्या नाहीत, आणि मी चार्टवर लिहिलं, "रुग्ण सहकार्य करत नाही". तो शेरा माझ्या हातचा आहे. इथं येऊन तो रोज आठवतो.

आणि प्रोमोतोर. इथले लोक आरोग्यसेवकाला प्रोमोतोर म्हणतात. गावानेच निवडलेला माणूस, बहुतेक शेतकरी, आठवड्यातून एक दिवस दवाखान्यात शिकायला यायचा. बाकीचे दिवस आपल्या गावात, आपल्या भाषेत, परवडेल अशा फीमध्ये औषधपाणी करायचा. हे वाचताना तुला तुझी आई, जामखेडच्या कामातली गावची आरोग्यसेविका, दिसली असेल. मलाही तीच दिसली. जामखेडला १९७० साली आरोळे डॉक्टर आणि मेबलताईंनी गावोगावच्या आरोग्याचं जे काम सुरू केलं, त्याची ही मोठी बहीणच म्हणायची. आणि दोघींची जगासमोर गाठही पडलेली आहे. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर एक पुस्तक काढलं, केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेलं. त्यात एक प्रकरण जामखेडचं आहे आणि एक चिमाल्तेनांगोचं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या जागतिक आरोग्य परिषदेत "सर्वांसाठी आरोग्य" ही घोषणा झाली, तिच्या मागे अशा गावांचा अनुभव होता. दोन्हीकडच्या कामाला जिनेव्हाच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने जगापुढे आणलं. तुझ्या आईने पाटीवर अंगठा सोडून पहिल्यांदा सही गिरवली, त्याच सुमारास या डोंगरात कुणी काक्चिकेल शेतकरी जुलाबाच्या पोराला मीठ-साखरेचं पाणी किती द्यायचं ते घोकत बसला असणार.

असा एक म्हातारा मला भेटला आहे. ऐंशीच्या पुढचा, दोन्ही गुडघे गेलेले. आमच्या वर्गाला येतो, मागच्या बाकावर बसतो आणि डोस चुकला की मान हलवतो. परवा त्याने आपल्या वहीची गोष्ट सांगितली. १९८२ मध्ये त्याने ती मक्याच्या शेतात पुरली.

इथं मला जरा थांबून लिहावं लागेल, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. या देशात १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी चालली. दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली, आणि सत्यशोधन आयोगाला ज्यांची ओळख पटवता आली त्यांतले ८३ टक्के माया होते. डोंगरात ज्याच्या पिशवीत औषध सापडे तो बंडखोरांना मलमपट्टी करत असणार, आणि जो बायाबापड्यांना गोळा करून पाण्याच्या विहिरीबद्दल बोलतो तो कम्युनिस्ट असणार, असा लष्कराचा हिशेब. बेहरहोर्स्टांनी शिकवलेले कितीतरी प्रोमोतोर मारले गेले. कॅथलिक गावांत धर्मशिक्षक मारले गेले. एल किचे प्रांतात तर १९८० साली बिशप हेरार्दी यांना आपला सगळा धर्मप्रांत बंद करून पाद्र्यांना बाहेर काढावं लागलं. पुढे याच हेरार्दींनी अत्याचारांचा मोठा अहवाल तयार करवला. तो १९९८ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला आणि दोनच दिवसांनी त्यांचा खून झाला.

आणि आता जे लिहायला जड जातं ते. १९८२-८३ मध्ये, सर्वांत भीषण काळात, या देशावर राज्य करणारा जनरल रिओस मोंत हा 'पुन्हा जन्म पावलेला' ख्रिस्ती होता, म्हणजे मोठेपणी नव्याने येशूला स्वीकारलेला. दर रविवारी टीव्हीवरून उपदेश करायचा. त्याचं चर्च कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी काढलेलं. ती मंडळी इथं आली होती १९७६ च्या भूकंपात, मदतीला. त्याच्या राज्यातल्या धोरणाचं नाव "फ्रिहोलेस य फुसिलेस", म्हणजे घेवडा आणि बंदुका. जो आमच्या बाजूला त्याला घेवडा, बाकीच्यांना बंदूक. २०१३ मध्ये त्याला इशिल माया लोकांच्या वंशसंहाराबद्दल शिक्षा झाली, आणि दहा दिवसांत घटनापीठाने तो निकाल रद्द केला.

तेव्हा तू विचारलेलं खरं आहे. मदतीच्या ताटावरही अट लिहिता येते, आणि ती माझ्याच धर्माच्या माणसांनी लिहिली. हे मी इथं शिकले, पुण्या-मुंबईच्या कुठल्या व्याख्यानात नाही.

पण त्याच वर्षांतलं दुसरंही ऐक. गेल्या आठवड्यात मी सरोवराकाठी सान्तियागो आतितलानला जाऊन आले. तिथं त्सुतुहिल माया राहतात. तीन ज्वालामुखींच्या कुशीतलं ते पाणी मी तुला कसं सांगू! १९६८ मध्ये ओक्लाहोमाहून स्टॅनली रॉदर नावाचे तरुण पाद्री तिथं आले. हे गृहस्थ सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, लॅटिनमध्ये नापास झालेले. तेच इथं त्सुतुहिल शिकले, त्या भाषेत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करू लागले, स्वतः शेतात ट्रॅक्टर चालवला. त्यांच्या मिशनने छोटं इस्पितळ उभं केलं, रेडिओ केंद्र चालवलं, बायबलातल्या नव्या कराराचं त्सुतुहिल भाषांतर घडवलं. १९८१ च्या जानेवारीत त्यांचं नाव ठार मारायच्या माणसांच्या यादीत आलं तेव्हा ते मायदेशी गेले, आणि ईस्टरच्या सुमाराला परत आले. मेंढपाळाने धोक्याची पहिली चाहूल लागताच पळायचं नसतं, असं त्यांनी ओक्लाहोमातल्या मंडळींना आधीच पत्राने कळवलं होतं. २८ जुलैच्या रात्री मारेकऱ्यांनी चर्चलगतच्या घरात शिरून त्यांना गोळ्या घातल्या. देह ओक्लाहोमाला नेला, पण गावकऱ्यांनी हृदय मागून घेतलं. ते तिथल्या चर्चमध्येच आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ बसले. शेजारी एक बाई रांगत्या लेकराला पाठीशी बांधून गुडघ्यांवर होती आणि त्सुतुहिलमध्ये काहीतरी भराभर सांगत होती, जसं शेजारच्या घरी जाऊन सांगावं तसं.

आता आमच्या वर्गाबद्दल, नाहीतर तू म्हणशील ही नुसती इतिहास लिहिते आहे. माझ्याकडे सुईणी आहेत, इथं त्यांना कोमाद्रोना म्हणतात. बहुतेकींच्या चर्चच्या महिला मंडळांनी त्यांना पाठवलंय, काही कॅथलिक, काही प्रेस्बिटेरियन. मी इंग्रजीत बोलते, एक मुलगी स्पॅनिशमध्ये करते, दुसरी काक्चिकेलमध्ये. वाक्य परत माझ्याकडे येईपर्यंत त्यावर तीन वेळा हसून झालेलं असतं.

बाळंतिणीची काळजी सांगायला गेले तर त्यांनीच मला शिकवलं. घराच्या अंगणात दगडमातीची बुटकी खोली असते, तिला तूह म्हणतात. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ करायची, बाळंतिणीला आत बसवायचं, पोट चोळायचं. मी म्हटलं, आमच्याकडे बाजेखाली शेगडी ठेवतात, शेपा-ओव्याची धुरी देतात. एकदम सगळ्या जणी पुढे सरकल्या. मग उष्ण-थंड निघालं. काय उष्ण पडतं, काय थंड पडतं, बाळंतिणीला काय वर्ज्य. तासभर कुणी वहीत पाहिलं नाही. तूहमध्ये धूर कोंडतो, तेव्हा निखारे विझल्यावरच आत जायचं, हे सांगायचं होतं ते मी त्याच गप्पांत सांगून टाकलं, आणि ते त्यांना लगेच पटलं.

स्वयंपाकही बघ. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात आणि सकाळी पाट्यावर वाटतात. त्या चुन्याने मक्यातलं जीवनसत्त्व मोकळं होतं. ज्या देशांनी इथून मका नेला पण चुना नेला नाही, तिथं लोकांना त्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पेलाग्रा हा रोग झाला. या बायकांच्या पणज्यांना ते ठाऊक होतं. तरी पोटाला पुरेसं नाही. २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि माया घरांत हे प्रमाण त्याहून जास्त. माझ्या वर्गातल्या बायका स्वतः माझ्या खांद्याला लागतात. जमीन अजून मळेवाल्यांचीच आहे. बेहरहोर्स्टांचा क्रम साठ वर्षांनंतरही तसाच बरोबर आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या प्रश्नाला माझं आजचं उत्तर एवढंच. इथं मी बघते, कुणी कुणाची भाषा शिकलं, आणि शिकवलेलं कुणाच्या हातात राहिलं. डॉक्टर बेहरहोर्स्ट १९९० मध्ये गेले. परवा वर्गात एका तरुण सुईणीने झटके येणाऱ्या गरोदर बाईबद्दल विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून म्हाताऱ्याने काक्चिकेलमध्ये सगळं सांगितलं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा.

त्याची वही राहिली ती. लढाई निवल्यावर त्याने ती जागा उकरली. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती, तरी शाई गेली होती आणि पानं एकमेकांना चिकटली होती. तो म्हणाला, बरं झालं मी आधीच पाठ केलं होतं. मी त्याला तुझ्या आईचं सांगितलं, की तिला अक्षरओळख नव्हती तेव्हाही गावातलं प्रत्येक पोर, त्याचं वजन, कुठला डोस झाला, कुठला राहिला, सगळं तोंडपाठ होतं. त्याने दोनदा विचारून घेतलं, बाई होती ना, आणि जातीने खालची मानलेली, तरी गावाने तिचं ऐकलं? मग म्हणाला, तिला विचार, लक्षात कसं ठेवायची. मी गाठी मारायचो सुतळीला, तिचं काय होतं?

मला ते आठवेना. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढायची, की ते तुझ्या मावशीचं? आईला विचार आणि लवकर लिही. तो दर मंगळवारी विचारतो.

इथं आभार मानायला मात्योश म्हणतात. ते आईला सांग, त्याच्याकडून.

तुझीच