मराठी भाषा मंत्र्यांना खुले पत्र : जुनी नियतकालिके वाचवा

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मा. मंत्रिमहोदय,

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तिच्या प्राचीनतेविषयी सर्वत्र अभिमानाने बोलले गेले. ते योग्यच झाले. मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांत मराठी समाजात नवे वर्ग लिहू लागले आणि साहित्याचे रूप पालटले, त्याचा पुरावा आज आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहे.

हा पुरावा मुख्यतः नियतकालिकांत आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला, म्हणूनच तो आपल्या हाती आला. पुढे १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढले, १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात शिकलेली दलित तरुणांची पहिली पिढी लिहू लागली, तेव्हा प्रस्थापित मासिकांत तिला फारशी जागा नव्हती. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने ती दिली. मुंबईत लघुनियतकालिकांची, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांची, चळवळ उभी राहिली. १९७२ चा नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह ‘गोलपिठा’ किंवा १९७८ चे दया पवारांचे आत्मकथन ‘बलुतं’ एकाएकी अवतरले नाही. त्यांच्यामागे पदरमोड करून काढलेल्या अशा अनेक अंकांनी तयार केलेली जमीन होती, आणि माझ्या मते मराठी साहित्याचा खरा इतिहास तिथेच वाचावा लागतो.

या अंकांची आजची अवस्था आपण एकदा स्वतः पाहावी. सायक्लोस्टाइल केलेला अंक उघडताना घडीवर कागद तुटतो, टाचण्यांचा गंज मजकुरापर्यंत पसरलेला असतो, आणि संपादकाच्या पश्चात घर आवरताना त्याच्या गठ्ठ्यांची रवानगी बहुधा रद्दीतच होते. ग्रंथालयांच्या अनुदानातून नवी पुस्तके आणि कर्मचाऱ्यांचे वेतन भागवतानाच दमछाक होते, तिथे जुन्या अंकांची बांधणी कोण करणार?

म्हणून आगामी अर्थसंकल्पात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती. व्यक्तिगत संग्रह योग्य मोबदला देऊन ताब्यात घ्यावेत, अंकांच्या प्रती स्कॅन करून विनामूल्य खुल्या कराव्यात, आणि सुरुवात अल्पायुषी, दोन-चार अंकांनंतर बंद पडलेल्या नियतकालिकांपासून करावी. नामवंत मासिकांच्या फायली कुठे ना कुठे सापडतात, यांच्या सापडत नाहीत.

आपला विश्वासू,
मराठीचा एक वाचक