एका दानाची चौदा महिने शिक्षा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत टेबलावर बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेम्सवर लेख आला होता, वाचून बरं वाटलं, नाहीतर आमच्या सोसायटीत डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हटलं की अर्ध्या लोकांना तो मोबाइलवरचा गेम वाटतो. पण त्यात कॅरेक्टर बनवताना फासे टाकणं हेच सगळ्यात न्याय्य, कारण फासा कोणाचं तोंड बघून पडत नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं आणि तिथे मात्र माझं डोकं फिरलं, म्हणून हे पत्र. मी अकाउंट्समध्ये आहे, आकडे दिसले की मला राहवत नाही, त्यामुळे पत्र थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. सगळे मिळून एक गोष्ट खेळतात, त्यात प्रत्येक खेळाडूचं एक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, असतं आणि त्या पात्राला सहा आकडे असतात: ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा. साधारण माणूस म्हणजे दहा, अठरा म्हणजे अगदी पैलवान किंवा पंडित. हे आकडे ठरवायची जी पद्धत बऱ्याच टेबलांवर चालते ती अशी की चार फासे टाकायचे, सगळ्यात कमी पडलेला बाजूला काढायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची, असं सहा वेळा.

माझी भाची आठवीत असताना शेजारच्या विंगमधल्या कॉलेजच्या एका दादाने खेळ सुरू केला, तो डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. मी तिला सोडायला गेले आणि एक खुर्ची रिकामी होती म्हणून बसले, ती आजपर्यंत उठले नाही तो भाग वेगळा. त्या दिवशी तिची सहा दानं पडली ती मला अजून पाठ आहेत: 9, 11, 8, 12, 10, 7. तिच्या शेजारी बसलेल्या मुलाला पडले 18, 16, 15, 13, 12, 11. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दादा म्हणाला अरे काय नशीब आहे, आणि भाचीला म्हणाला, कमकुवत पात्र खेळायला जास्त मजा येते गं, बघ तू.

चौदा महिने चाललं ते कॅम्पेन, म्हणजे त्याच पात्रांची सलग गोष्ट, दर रविवारी तीन तास. आता हिशोब बघा. या खेळात आकड्याचा बोनस असतो, दहा-अकराला शून्य, त्यावर दर दोन आकड्यांना एक वाढतो, खाली तसाच कमी होतो. त्या मुलाचे बोनस मिळून झाले अधिक 11, आमच्या बाईसाहेबांचे उणे 3. म्हणजे चौदाचा फरक, आणि तोही खेळ सुरू व्हायच्या आधी, कोणी एक चालसुद्धा न खेळता. राक्षसाला मारायला वीस बाजूंचा फासा टाकतात, तिथे दर एका बोनसला पाच टक्के फरक पडतो. ऐकायला काही नाही वाटत. पण तिची विझार्ड, म्हणजे जादूगारीण, मंत्र टाकायची आणि समोरचा निसटायचा, पुन्हा टाकायची, पुन्हा निसटायचा. तिसऱ्या-चौथ्या रविवारी घरी येताना जिन्यात मला म्हणाली, "मावशी, मी लिंबूटिंबू आहे का गं?"

आपण लहानपणी गल्लीत धाकट्या भावंडांना लिंबूटिंबू घ्यायचो ना, आउट झाला तरी आउट नाही, त्याच्यावर राज्य नाही, पळू दे मैदानात. फरक एवढाच की तिथे ते सगळ्यांना माहीत असायचं आणि रडणाऱ्याला बॅट मिळायची. इथे नाव दिलं जातं नशिबाचं आणि वर सांगितलं जातं की हेच फेअर.

माझं म्हणणं नशीब नको असं अजिबात नाही. आपल्याकडे सारीपाटापासून मोक्षपटापर्यंत दान टाकूनच खेळ झालेत. पण सारीपाटात पुढची पाळी आली की नवं दान पडतं, आताचं वाईट पडलं तर दहा मिनिटांत चांगलं पडेल, नशीब फिरत राहतं म्हणून ते सगळ्यांना सारखं. कॅरेक्टरचं दान एकदाच पडतं आणि मग चौदा महिने तेच. सगळ्यांना सारखीच संधी होती हे खरं, पण ती सहा दानांची संधी दोन मिनिटांत संपली.

आणि गंमत म्हणजे हा खेळ निघाला तेव्हा फासे टाकणं ठीकच होतं. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला तेव्हा तीन फासे, पडतील तसे, पडतील त्या क्रमाने, अशी पद्धत होती. पण त्या पहिल्या पुस्तकांत आकड्यांना फार वजनच नव्हतं, ताकद अठरा असली तरी तलवार जोरात लागायची नाही, अनुभवाचे पॉइंट थोडे जास्त मिळायचे इतकंच. शिवाय पात्रं पटापट मरायची, एका संध्याकाळी दोन-दोन, की घे नवा कागद आणि टाक फासे. म्हणजे तिथेही दान फिरतंच होतं! मग 1975 ला ग्रेहॉक नावाची पुरवणी आली, ताकदीला मारण्याचे बोनस लागले, पुढे आकडे वजनदार होत गेले, पात्रं जास्त जगायला लागली, लोक एकाच पात्रात वर्षानुवर्षं गुंतायला लागले, फासे मात्र तिथेच राहिले. 1978 च्या पुस्तकात पॅलाडिन, म्हणजे धर्मनिष्ठ योद्धा, व्हायला करिष्मा किमान 17 लागायचा, तीन फाशांवर सतरा किंवा अठरा पडायची शक्यता 54 मध्ये एक आहे. कोण होणार पॅलाडिन? एक तर देव पावलेला, नाहीतर खोटं बोलणारा. 1979 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात खुद्द गायगॅक्सनेच मान्य केलं की साध्या तीन फाशांनी धड पात्र मिळेपर्यंत बराच वेळ जातो, आणि चार फाशांसकट चार वेगळ्या पद्धती दिल्या. ज्याने खेळ काढला त्यालाच पाच वर्षांत पटलं, मग आपण का अडून बसायचं?

(ट्रॅव्हलर नावाचा एक खेळ आहे 1977 चा, त्यात तर कॅरेक्टर बनवता बनवताच ते मरू शकायचं. लोक यावर हसतात, पण मला तो प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो, निदान नवीन कागद तरी मिळतो.)

खोटं बोलण्यावरून आठवलं. फासे टाकायच्या टेबलावर खरं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. घरी टाकून आणले म्हणून सोळा-सतराची रांग घेऊन येणारे असतात, फासा टेबलावरून खाली पडला म्हणून परत टाकणारे असतात, आणि डीएमचा खास मित्र असेल तर हे दान ट्राय होतं म्हणून सोडूनही देतात. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत निदान लेखी नियम होता, तुमचा सगळ्यात मोठा आकडा तेरा किंवा कमी असेल तर पुन्हा टाका. भाचीचा सगळ्यात मोठा होता बारा! पण आम्ही खेळत होतो 2014 ची पाचवी आवृत्ती, त्यात तो नियम नाही, दादा म्हणाला नियम म्हणजे नियम, आणि जी मुलगी भांडत नाही तिला ते सात आणि आठ तसेच मिळाले. भांडणाऱ्याला परत दान मिळतं आणि गप्प बसणाऱ्याला नाही, मग फासा तोंड बघत नसेलही, टेबलावरची माणसं बघतातच की.

मग पर्याय काय, तर त्याच पुस्तकात दोन आहेत. एक म्हणजे ठरलेले सहा आकडे सगळ्यांना, 15, 14, 13, 12, 10, 8, कुठे कुठला लावायचा ते तुम्ही ठरवा. दुसरा पॉइंट बाय, 27 पॉइंट घ्या आणि दुकानात गेल्यासारखे आकडे विकत घ्या, आठपासून पंधरापर्यंत, वरचे आकडे महाग. अनोळखी लोक एकत्र खेळतात त्या अधिकृत ॲडव्हेंचरर्स लीगमध्ये फासे चालतच नाहीत, याच दोनातून एक घ्यावं लागतं.

पण पॉइंट बाय म्हणजे न्याय असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. तिथे नशिबाच्या जागी अभ्यास येतो. ज्याने चार व्हिडिओ बघितलेत तो 27 पॉइंटांत असं पात्र बनवतो की बघत राहावं, आणि नवीन आलेला बिचारा सगळीकडे बारा-बारा घेऊन बसतो कारण त्याला वाटतं सगळं थोडं थोडं हवं. शिवाय सगळी पात्रं एका साच्यातली होतात, प्रत्येक योद्ध्याची बुद्धी आठ, मला तर योद्ध्यांच्या वतीने वाईट वाटतं. नवख्यांसाठी ठरलेले सहा आकडे बरे, त्यात चुकायला जागा कमी, पण कंटाळवाणे आहेत हे मान्य.

दुसरं कॅम्पेन सुरू करताना मी पत्ते काढले. जुना कॅट, इस्पिक, बदाम आणि किलवर यांच्या दुर्रीपासून छक्कीपर्यंत पंधरा पत्ते, आणि चौकटचे फक्त तीन, चार आणि पाच. झाले अठरा. यांची बेरीज 72, पुस्तकातल्या त्या ठरलेल्या सहा आकड्यांचीही 72 च, मुद्दाम जुळवली. पिसायचे, तीन-तीनच्या सहा गड्ड्या उलट्या मांडायच्या, एकेक उघडायची, मग कुठली गड्डी ताकदीला आणि कुठली बुद्धीला ते आपण ठरवायचं. एकाचं झालं की पत्ते गोळा करून पुढच्याला. भाचीच्या गड्ड्या निघाल्या 16, 13, 13, 11, 11, 8. कोणालाही काहीही निघो, बेरीज 72 च राहते, एका गड्डीत छक्क्या गेल्या की दुसरीकडे दुर्र्या येणारच.

अगदी सारखं होतं का? नाही. तेरा-अकरासारख्या विषम आकड्यांत एक पॉइंट वाया जातो, त्यामुळे बेरीज सारखी असून भाचीचा बोनस झाला 4 आणि त्या ठरलेल्या आकड्यांचा होतो 5. पण चौदाचा फरक आणि एकचा फरक यात अकाउंट्सवाल्या बाईला विचारा काय फरक आहे ते.

तो अठरावाला मुलगा पहिल्यांदा पत्त्यांवर जाम वैतागला होता, म्हणाला काकू, मजाच गेली. त्याचं चूक नाही. चार फाशांच्या पद्धतीत पाच जणांच्या टेबलावर कोणाला तरी एकाला अठरा पडायची शक्यता जवळजवळ चाळीस टक्के असते, माझ्या पत्त्यांत तिन्ही छक्क्या एकाच गड्डीत यायला हव्यात, ते 136 वेळा वाटलं तर सरासरी एकदा होईल. अठरा पडल्यावर टेबलावर जो आरडाओरडा होतो तो पत्त्यांत नाही, मान्य. आता प्रत्येक नव्या पात्राच्या वेळी पत्ते पिसायला तोच मागतो, त्याला अजून वाटतं की नीट पिसलं तर छक्क्या एकत्र येतील.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व